आवाज गोड आहे, तरी गाणे भिडत नाही? या चुका टाळा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी गेली २६ वर्षे गाणे शिकवते आणि या सगळ्या काळात माझ्याकडे येणाऱ्यांची एक तक्रार जराही बदललेली नाही. "बाई, सूर लागला होता की, ताल कुठे चुकला नाही, शब्द पाठ होते, मग लोक नुसते बसून का राहिले?" विचारणाऱ्याला वाटते की मी एखादी हरकत सुचवेन, एखादी मुरकी, म्हणजे सुरांची नक्षी, बसवून देईन. माझे उत्तर मात्र बहुतेक वेळा आवाजाच्या पोताविषयी असते आणि ते ऐकून पुष्कळांची निराशा होते, कारण पोत एका आठवड्यात बदलत नाही.

शेजारच्या खोलीतून कोणी हाक मारली, तर शब्द नीट कळले नाहीत तरी मारणारा चिडलेला आहे, घाबरलेला आहे की लाडात आहे, हे आपण क्षणात ओळखतो. सभागृहातला श्रोता हाच कान घेऊन येतो. गाण्याचा अर्थ त्याच्या मनात उतरण्याआधी आवाज मोकळा आहे की आवळलेला, भरीव आहे की पोकळ, जवळून येतो आहे की लांबून, याची नोंद त्याने केलेली असते आणि शब्द काहीही सांगत असले तरी त्याचे मन त्या नोंदीमागे जाते. म्हणून भाव वरून चिकटवता येत नाही. खाली ज्या चुका सांगते आहे, त्या सगळ्या हे न ओळखल्यामुळे होतात.

उसना आवाज

ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे आणि मोबाइलवर गाणी ऐकून शिकण्याची सोय झाल्यापासून ती घरोघर पोहोचली आहे.

काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातल्या एका गावातून १९ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. बोलताना तिचा आवाज खडा, भरीव आणि थेट होता; शेतातून बांधापलीकडे हाक मारली तर ती पोहोचेल असा. गायला लागली की हा आवाज नाहीसा होई आणि त्याच्या जागी एक बारीक, श्वास मिसळलेला, कुजबुजल्यासारखा आवाज येई. हल्लीच्या ध्वनिमुद्रणांतून ऐकलेला तो लगाव, म्हणजे आवाज लावण्याची ढब, तिने महिनोन्महिने कानाला इयरफोन लावून उचलला होता आणि तिच्या समजुतीप्रमाणे भावगीताला तोच शोभत होता. मी तिला सावध केले, पण घरच्यांना स्पर्धेची घाई होती आणि मीही पुरेशा ठामपणे अडवले नाही, याची मला आजही रुखरुख वाटते.

स्पर्धेच्या दिवशी मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले. सभागृह मोठे होते, पंखे चालू होते आणि ध्वनिव्यवस्था साधीच होती. तिने मुखडा सुरू केला आणि मला फक्त श्वासाचा आवाज आणि 'स', 'श' यांचे सळसळणे तेवढे ऐकू आले. तिसऱ्या रांगेच्या मागे गाणे असे काही पोहोचलेच नाही. ध्वनिक्षेपक वाढवला तशी शिटी वाजू लागली. लोक वाईट वागले नाहीत, पण ते एकमेकांशी हळू बोलू लागले, आणि गाणाऱ्याला त्याहून मोठी शिक्षा नसते. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "बाई, मी तर जीव ओतून गायले होते." ते खरेच होते, पण तिचा जीव पोहोचवणारी वाट तिने स्वतःच बंद केली होती.

यामागचे कारण समजून घेतले तर चूक पुन्हा होत नाही. स्वरतंतू कंप पावताना दर आवर्तनात एकमेकांना पूर्ण भेटले, तर मूळ स्वरासोबत त्याचे वरचे उपस्वरही (त्याच्यातच मिसळलेले अधिक उंच, बारीक स्वर) जोरकस निघतात आणि आवाजाला धार व गाज येते. तंतूंमध्ये फट राहिली तर हवा निसटते, वरचे उपस्वर क्षीण होतात आणि आवाज मऊ पण पोकळ होतो. असा आवाज ध्वनिक्षेपकाला अगदी खेटून, शांत खोलीत मुद्रित केला की ऐकणाऱ्याला कोणीतरी कानाशी बोलत असल्याचा भास होतो आणि त्या जवळिकीनेच तो हळवा होतो. म्हणजे ती जवळीक जितकी गळ्याची, तितकीच यंत्राची असते. यंत्र काढून घेतले, किंवा ते सभागृहाच्या दोनशे माणसांत वाटले, की हातात फक्त निसटलेली हवा उरते. आपला कान २,००० ते ५,००० हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपने) या पट्ट्यात सर्वांत संवेदनशील असतो आणि पोकळ आवाजात नेमका तोच भाग रिकामा पडतो. स्वीडनचे योहान सुंदबर्ग यांनी १९७० च्या दशकात पाश्चात्त्य ऑपेरा गायकांच्या आवाजाचा अभ्यास करून दाखवले की ३,००० हर्ट्झच्या आसपास त्यांच्या आवाजात ऊर्जेचा एक उंचवटा असतो आणि त्याच्या आधारावर ते ध्वनिक्षेपकाशिवाय संपूर्ण वाद्यवृंदाच्या वर ऐकू येतात. आपली गायकी निराळी असली, तरी कान तोच आहे.

कोल्हापूरकरांना हे सांगण्यासाठी मला ऑपेरापर्यंत जाण्याची खरे तर गरज नाही. शाहू महाराजांनी बांधून घेतलेले पॅलेस थिएटर १९१५ साली उभे राहिले, ज्याला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले आणि जे ऑगस्ट २०२४ मधल्या आगीत होरपळले. त्या काळातल्या रंगभूमीवर नटाला शेवटच्या माणसापर्यंत केवळ गळ्याच्या बळावर जावे लागे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोघांच्या नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त 'मानापमान' या संगीत नाटकाच्या प्रयोगात केशवराव नायक धैर्यधर होते आणि बालगंधर्व नायिका भामिनी होते. एकाचा आवाज तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, झळाळणारा, दुसऱ्याचा मृदू आणि लडिवाळ. दोघांपैकी कोणीही दुसऱ्यासारखा आवाज काढण्याचा प्रयत्न केला असता, तर प्रेक्षकांच्या वाट्याला त्यांतले एकही सुख आले नसते.

याच शहरात शाहू महाराजांच्या दरबारी राहिलेल्या अल्लादिया खाँसाहेबांचे उदाहरण मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज गेला आणि परत आला तेव्हा तो पूर्वीचा राहिला नव्हता. त्यांनी जुन्या आवाजाची नक्कल करत आयुष्य घालवले नाही. जो गळा हाती उरला होता त्याला पेलेल अशी भारदस्त, खुल्या 'आ'काराची, लांब दमसासाची गायकी त्यांनी घडवली आणि जयपूर-अत्रौली घराणे त्यातून उभे राहिले. कोल्हापुरापासून जेमतेम ५० किलोमीटरवर, मिरजेत, अब्दुल करीम खाँसाहेबांचा पातळ, टोकदार आणि आर्त स्वर ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येत असे. एका आवाजाने माणूस स्तिमित होतो, दुसऱ्याने कासावीस होतो. यांत थोर-लहान असे काही नाही, फक्त दोन्ही आवाज आपापल्या मालकांचे होते.

त्या मुलीचे पुढे काय केले ते सांगते, कारण माझा उपाय हाच आहे आणि याहून जलद उपाय मला माहीत नाही. तिला मी भावगीत तीन महिने बंद केले. तिची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असे, त्या तिला येत होत्या. रोज अंगणाच्या एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला ओवी ऐकवायची, ओरडायचे नाही आणि कुजबुजायचेही नाही, एवढाच रियाज दिला. त्यानंतर त्याच लगावाने तंबोऱ्यावर खर्ज, म्हणजे खालचे जड स्वर, मग मध्य सप्तकातला संथ 'आ'कार. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावताना तारेखाली दोरा केसभर पुढेमागे सरकवतात आणि एका विशिष्ट जागी तार एकाएकी बोलू लागते; गळ्यातही तशी जागा असते आणि ती सापडली की कमी श्वासात जास्त नाद निघतो. ती तिला चौथ्या महिन्यात सापडली. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत तिला क्रमांक मिळाला नाही, परंतु कार्यक्रम संपल्यावर दोन अनोळखी बायका तिचा हात धरून बराच वेळ काही न बोलता उभ्या होत्या.

ट्रॅकच्या पट्टीत गाणे

तयार ट्रॅकवर, म्हणजे मुद्रित वाद्यसाथीवर, गाण्याला माझा विरोध नाही. निवृत्तीनंतर कितीतरी माणसे त्यामुळे पुन्हा गाऊ लागली आहेत आणि ही मोठी गोष्ट आहे. माझा राग आहे तो मूळ गाण्याचा ट्रॅक मिळाला म्हणजे मूळ गाण्याच्या पट्टीतच (पेटीच्या ज्या पांढऱ्या किंवा काळ्या स्वराला 'सा' मानून गातो ती) गायचे, या हट्टावर.

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्यांचा आवाज खर्जातला, घोगरेपणाकडे किंचित झुकणारा, ऐकताक्षणी विश्वास वाटावा असा आहे. एका ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी विरहाचे एक जुने गाणे निवडले. ट्रॅक पांढरी चारमध्ये होता आणि त्यांची स्वाभाविक पट्टी त्याहून खालची, काळी एक. मुखडा कसाबसा निभावला, पण अंतरा तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, गेला तसा त्यांचा जबडा ताठ झाला, मानेच्या शिरा दिसू लागल्या आणि विरहाचे ते गाणे भांडणासारखे ऐकू येऊ लागले. माझ्या शेजारच्या बाई सहज म्हणाल्या, "किती चिडून गातात!" त्या बाईंना संगीताचे काही शिक्षण नव्हते आणि त्यांचे निदान अचूक होते.

घडते ते असे. आवाक्याबाहेरच्या स्वरासाठी ताण दिला की स्वरयंत्र वर सरकते, स्वरतंतू एकमेकांवर दाबले जातात आणि आवाज मोठा, कर्कश व वरच्या उपस्वरांनी भरलेला होतो. बोलण्यात हीच लक्षणे रागाची असतात. दुःखात माणसाचा आवाज खाली येतो, मंदावतो, त्यातली धार बोथट होते. श्रोता शब्दांत विरह ऐकतो आणि आवाजात संताप. अशा वेळी तो आवाजावर विश्वास ठेवतो.

मी त्यांना दुसऱ्या दिवशी घरी बोलावले. ते म्हणाले, "बाई, ट्रॅक तर मूळ गाण्याचाच आहे, मग चूक माझीच असणार." मी ट्रॅक बाजूला ठेवला, तंबोरा काळी एकमध्ये लावला आणि तेच गाणे म्हणायला सांगितले. फरक चार पट्ट्यांचा. त्यांना गाठावा लागणारा तार षड्ज ३४९ हर्ट्झवरून २७७ वर आला. माझ्या घरात तेव्हा भांडी घासणे चालू होते. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला तो आवाज थांबला आणि मावशी हात न पुसताच दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्या गाण्याचा कस लावायला मला दुसरी परीक्षा नको होती.

उपाय सोपा आहे आणि तरीही लोक तो करत नाहीत. गाण्यातला सर्वांत उंच स्वर शोधा. तो सकाळी उठल्यावर, तयारी न करता, मान सैल ठेवून, शब्दासह घेता येतो का पाहा. येत नसेल तर पट्टी उतरवा. मोबाइलवर ट्रॅकची पट्टी बदलता येते. दोन-तीन पट्ट्यांपर्यंत वाद्ये बऱ्यापैकी तग धरतात, त्यापुढे ती बेढब वाटू लागतात, म्हणून त्याहून अधिक फरक असेल तर मी सरळ पेटी-तबल्यावर गायला सांगते. उलट चूकही पाहिली आहे: पट्टी इतकी उतरवतात की मुखड्याचे शब्द खर्जात बुडतात आणि उदास नसलेले गाणे उदास होते. दोन्ही टोके तपासा.

रडून रडवण्याचा प्रयत्न

करुण गाण्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी हुंदका घालणे, स्वर मुद्दाम थरथरवणे, हे मला सहन होत नाही. स्वरातला सुखद कंप साधारणपणे सेकंदाला पाच ते सात आंदोलनांचा असतो. मुद्दाम घातलेला कंप बहुधा याहून संथ आणि ओबडधोबड होतो, आणि कानाला तो दुःखापेक्षा थकवा किंवा वार्धक्य वाटतो. त्याशिवाय गाणाऱ्यानेच सगळे रडून घेतले की ऐकणाऱ्यासाठी काही उरत नाही. माझ्याकडे असे कोणी आले की मी त्याला गाण्याचे शब्द आधी सपाट आवाजात, घरच्या माणसाला निरोप सांगावा तसे, वाचायला लावते. ज्या शब्दापाशी त्याचा आवाज आपोआप जड होतो, त्या एका शब्दावर पेन्सिलने खूण करते. बाकीचे गाणे सरळ स्वरात म्हणायचे. पूर्ण गाण्यात असा एकच शब्द असतो, फार तर दोन.

खरखर सगळीकडे वाईट, किंवा सगळीकडे चांगली, समजणे

आवाजात सेकंदाला ३० ते १५० वेळा होणारे जलद चढउतार कानाला खरखरीत वाटतात, आणि किंकाळी किंवा भोंगा यांत हीच खरखर असल्यामुळे ती माणसाला खडबडून जागे करते. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या या गावात पोवाड्याला ती का लागते, हे वेगळे सांगायला नको. तिथे श्रोत्याचे रक्त सळसळायला हवे असते. तीच खरखर अंगाईत आली तर मूल दचकेल. मात्र पोवाड्यासाठीही घसा खरवडून खरखर आणू नका. जाणते शाहीर पोटातून दम घेतात आणि ललकारी संपताच गळा सैल सोडतात. नवशिका मात्र रात्रभर ओरडतो आणि आठवडाभर मुका होतो.

काही चुका, ज्यांना एवढे लांबवायचे कारण नाही

एकोचे बटण पूर्ण फिरवू नका. प्रतिध्वनीमुळे आवाज लांबून येतो असा भास होतो आणि जवळच्या माणसाशी बोलण्याचे गाणे डोंगरापलीकडून ऐकू येऊ लागते. मी ते व्यंजने स्पष्ट राहतील इतकेच ठेवते.

ध्वनिक्षेपक ओठांना चिकटवला की खालचे स्वर फुगतात. हळव्या ओळीला चार बोटे अंतर, तार सप्तकात एक वीत, हा माझा हाताचा हिशेब आहे.

मुद्रित केलेला स्वतःचा आवाज पातळ वाटतो म्हणून तो ओढून जाड करू नका. स्वतःचा आवाज आपण हाडांतूनही ऐकतो, म्हणून तो आपल्याला भारी वाटत असतो. लोकांना पहिल्यापासून मुद्रणातलाच ऐकू येतो आहे.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री उशिरा तांबडा-पांढरा रस्सा जेवून लगेच झोपू नका. पोटातले आम्ल वर येऊन स्वरयंत्राला झोंबते आणि सकाळी आवाज सुजल्यासारखा लागतो. कार्यक्रम झाल्यावर खुशाल जेवा.

सारखे घसा खाकरणे बंद करा. प्रत्येक खाकरण्यात तंतू एकमेकांवर आपटतात. पाण्याचा घोट घ्या.

आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर ज्येष्ठमध चघळत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून तंतू तपासून घ्या.

शिकवणाऱ्यांची चूक

ही शेवटी लिहिते, परंतु हिचा दोष विद्यार्थ्यांकडे जात नाही. एका खोलीत तीस मुले बसवून पेटीवर काळी चार धरायची आणि सर्वांकडून त्याच पट्टीत म्हणून घ्यायचे, हा प्रकार अनेक वर्गांत चालतो आणि सुरुवातीची काही वर्षे माझ्याही वर्गात चालला. यात कोणी वर ओढला जातो, कोणी खाली दाबला जातो, आणि गाणे म्हणजे अंग आवळून करायची गोष्ट आहे हे त्या वयात शरीराला कळते. पुढे तो आवाज मोठ्या सभागृहात उभा राहतो तेव्हा श्रोत्याला सर्वांत आधी तो आवळलेपणाच ऐकू येतो.

आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांचे तर फार नुकसान होते. १३-१४ वर्षांचा मुलगा काल तार षड्ज लीलया घेत होता आणि आज त्याचा आवाज मध्येच चिरकतो. स्वरयंत्र वाढते आहे, तंतू लांब आणि जाड होत आहेत, एवढेच कारण असते. पण पालक म्हणतात, "बाई, परीक्षा तोंडावर आलीय, एवढी तरी करून घ्या." मी गाण्याच्या परीक्षेचा अर्ज भरू देत नाही आणि काही पालक रागावून मुलाला दुसरीकडे नेतात. जे थांबतात, त्यांच्या मुलांना मी सहा महिने, कधी वर्षभर, ऐकायला बसवते, तबल्याचा ठेका धरायला शिकवते आणि दिवसातून दहा मिनिटे, सहज लागेल त्याच स्वरावर, तोंड मिटून गुणगुणायला सांगते. सध्या असा एक मुलगा माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात तो काळी चारमध्ये गात असे. परवा गुणगुणता गुणगुणता तो काळी दोनच्या षड्जावर येऊन स्थिरावला, दचकून माझ्याकडे बघू लागला, आणि मी तंबोऱ्याच्या खुंट्या त्याच्या स्वराला उतरवल्या.